रोगी लपतो कां?

(बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर भागांतील शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



शेतावरचें काम आटोपून, भात्यावरून, रंध्यावरून, शिलाईच्या यंत्रावरून उठून आणि कारखान्याची पाळी संपवून आपण येथें आलां, त्याअर्थीं आजचा विषय आपल्या घरांतला आहे. रोगराई आणि समाज यांविषयीं बोलावें असें मंडळींनीं आम्हांस सांगितलें. आम्ही वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. मुलांना बाराखडी शिकविणारे आहों. म्हणून औषधाची गोष्ट ज्याची त्यावर सोपवून आम्ही एकच प्रश्न तुमच्यापुढें ठेवणार आहों. रोगी लपतो कां?

चोर लपतो हें समजतें. कर्ज बुडविणारा सावकाराच्या वाटेनें जात नाहीं हेंही समजतें. परंतु ज्याला ताप आला, ज्याच्या अंगावर चट्टा उठला, ज्याला खोकला लागला, त्यानें कोणाचें काय चोरलें कीं त्यानें तोंड लपवावें? आणि तो लपतो ही गोष्ट तर आपण रोज पाहतों. औषध शेजारच्या गल्लींतून न आणतां दोन स्टेशनें पलीकडून आणतात. गोळ्यांचें पाकीट देवळीमागें ठेवितात. पाहुणा विचारील तर "हवा बदलली, दुसरें कांहीं नाहीं" म्हणून सांगतात. घरांत रोग असणें ही जणूं घरांत चोरीचा माल असण्यासारखी गोष्ट होऊन बसली आहे. ती तशी कोणीं केली, याचा आज विचार करूं.

वाडवडिलांच्या काळीं गांवांत पटकी आली म्हणजे काय करीत, हें तुम्हीं म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलें असेल. मरीआईचा गाडा सजवीत. त्यांत खणनारळ, लिंबें, हळदकुंकू ठेवीत. वाजतगाजत तो शिवेवर नेत आणि शिवेपलीकडे सोडून देत. दुसऱ्या गांवचे लोक सकाळीं उठून पाहतात तों गाडा आपल्या हद्दींत! मग तेही वाजंत्री लावून तो तिसऱ्या गांवाकडे लोटीत. असा तो गाडा गांवोगांव फिरे. पटकी मात्र कांहीं गाड्यांत बसलेली नसे. ती पाण्यांत असे. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरानें १८८४ सालीं कलकत्त्यास पटकीचा जंतू पक्का ओळखला आणि लोक ज्या तळ्याचें पाणी पीत त्या तळ्यांत तो दाखवून दिला. आपले लोक गाडा सोडून परत येत आणि त्याच विहिरीचें पाणी ओंजळीनें पीत.

आम्ही वाडवडिलांना हसत नाहीं. त्यांच्याजवळ औषध नव्हतें, शाळा नव्हती, आणि त्यांच्या हातीं अक्षर पडूं नये अशीच व्यवस्था होती. माणूस घाबरला म्हणजे हाताला लागेल तें धरतो. पण एक गोष्ट लक्षांत ठेवा. रोग घालवायचा म्हणजे तो शिवेपलीकडे लोटायचा, ही संवय तेव्हां जडली ती अजून सुटलेली नाहीं. गाडा गेला, संवय राहिली. फरक एवढाच कीं, पूर्वी गाड्यांत लिंबें ठेवीत, आतां आपण त्यांत माणूस ठेवितों.

आतां घडलेल्या इतिहासाकडे वळूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत गांठीचा ताप सुरूं झाला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे असें ओळखून सांगितलें. पुढच्या कांहीं महिन्यांत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून पळाली. पळाली ती कोठून? तुमच्या आमच्या दारावरून. कल्याणास रुळांच्या दोन वाटा फुटतात. एक कसाऱ्याच्या घाटानें नाशिककडे जाते. दुसरी अंबरनाथ-बदलापुरावरून बोरघाट चढून पुण्यास जाते. कल्याण स्थानकावर उतारूंना खालीं उतरवून त्यांची तपासणी होऊं लागली. ज्याचें अंग तापलेलें लागे त्याला अडवून ठेवीत.

सरकारनें १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा केला. तो कायदा आटोपशीर होता, पण त्यानें अंमलदारांच्या हातीं सारें दिलें. घरांत शिरावें, रोग्यास उचलून न्यावें, सामान जाळावें, वस्ती उठवावी. पुण्यांत रँडसाहेबाच्या अंमलाखालीं गोरे शिपाई झडतीला घरोघर फिरूं लागले. बायामाणसांची अब्रू, देवघर, चूल, कशाचाच मुलाहिजा राहिला नाहीं. लोकांनीं मग काय केलें? रोगी माळ्यावर चढविला, कणगीमागें निजविला; मेला तर मोठ्यानें रडण्याचीही चोरी, कित्येकांनीं प्रेत घरांतच पुरलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढें तो मेला, हें तुम्हीं शाळेंत वाचलें आहे. पण आपल्यासारख्या कष्टकऱ्यांचें काय झालें तें शाळेच्या पुस्तकांत फारसें येत नाहीं. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं, अशी त्यांच्यांत बोलवा होती. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंतच जुलाहा विणकरांच्या वस्तींत एका बारा वर्षांच्या मुलीस तपासून नेण्यासाठीं प्लेगचें पथक आलें. विणकरांनीं मुलगी देण्याचें नाकारलें, दंगल झाली आणि गोळ्या सुटल्या. हे विणकर वेडे नव्हते. आपल्या पोरीला परके हात उचलून नेणार, आणि ती पुन्हां दिसेल कीं नाहीं याचा भरवसा नाहीं. बापानें काय करावें?

आणि या सगळ्या झडतींतून निष्पन्न काय झालें? प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळें माणसांत येतो, हें फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनीं १८९८ सालीं प्रयोगानें दाखविलें. कोठें, तर कराचीस. त्याच सिंधमधून पन्नास वर्षांनीं घरदार सोडून आलेल्या निर्वासितांनीं कल्याणच्या लष्करी छावणींतील बराकींत संसार मांडला आणि आपलें उल्हासनगर वसविलें. सिमाँच्या आधीं मात्र सरकारनें माणसांची झडती घेतली, भिंतींना चुना फासला, बिछाने जाळले. उंदीर एका घरांतून दुसऱ्या घरांत खुशाल फिरत राहिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असें आपण म्हणतों तें हेंच. सरकारचा गाडा म्हणजे मरीआईचाच गाडा. फक्त त्याला संगीन लाविलेली होती.

पण त्याच दिवसांत दुसरेही लोक होते. त्यांचीं नांवें आपल्या घरांतल्या मुलांना पाठ असलीं पाहिजेत. नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्या ठाण्यांत १८४८ सालीं जन्मले. 'दीनबंधु' पत्र त्यांनीं चालविलें, गिरणी कामगारांची संघटना बांधिली, रविवारची सुटी मिळवून दिली. प्लेग आला तेव्हां मुंबई सोडून जाणाऱ्यांत ते नव्हते. मजुरांच्या वस्तींत राहून त्यांनीं रोग्यांची सेवा केली, त्यांतच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं ते वारले. सावित्रीबाई फुले यांनीं पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या माळावर आपले चिरंजीव डॉ. यशवंतराव यांच्याकरवीं रोग्यांसाठीं दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील गायकवाडांच्या आजारी मुलास त्यांनीं स्वतः पाठीवर घेऊन तेथें पोहोंचविलें. त्यांत त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. वय पासष्टीच्या पुढें होतें. आणि तिसरा माणूस परदेशी, डॉ. हाफकिन. प्लेगची लस त्यानें मुंबईंत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं पहिली सुई स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली.

बंधुभगिनींनो, झडतीचा शिपाई आणि सावित्रीबाई यांतला फरक नीट पाहा. दोघांनाही रोगी दवाखान्यांत न्यावयाचा होता. शिपायानें दार लाथाडलें, तेव्हां रोगी माळ्यावर गेला. बाईंनीं पाठ पुढें केली, तेव्हां रोगी पाठीवर आला. ज्याच्या मनांत भय घातलें जातें तो लपतो. ज्याला आपलें म्हटलें जातें तो स्वतः हात पुढें करतो. एवढ्या दोन ओळी ज्याला समजल्या त्याला आमचें आजचें सारें भाषण समजलें.

कोणी म्हणेल, तें परक्या सरकारचें राज्य होतें. ठीक. आतां आपल्याच माणसांनीं आपल्याच माणसांचें काय केलें तें पाहूं. ज्याला पूर्वी महारोग म्हणत त्या कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन या डॉक्टरानें १८७३ सालीं शोधिला. मागच्या जन्मींचें पाप नाहीं, देवाचा कोप नाहीं, बापाकडून मुलाला येणारा वारसा नाहीं. हा एक जंतू आहे, आणि तोही फार मंद. १९८२ पासून यावर दोन-तीन औषधें मिळून दिलीं जातात आणि रोग सहा महिने ते वर्षभरांत बरा होतो. औषध सुरूं झालें म्हणजे थोड्याच दिवसांत दुसऱ्यास लागण होण्याचें भय उरत नाहीं. हें सारें माहीत असून १८९८ चा कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमांत डांबण्याचा कायदा कागदावरून पुसण्यास २०१६ साल उजाडलें. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला एवढ्या कारणावर काडीमोड मागतां येत असे, तें कलम काढून टाकण्यास २०१९ साल उजाडलें. औषध निघून जवळजवळ चाळीस वर्षें झालीं आणि मग कायद्याला जाग आली!

कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमाननगर म्हणून कुष्ठरोग्यांची वसाहत आहे. आपल्यापैकीं पुष्कळांची गाडी रोज तिच्या जवळून जाते. रोग अंगांतून गेला, तरी आपल्या गांवीं परत जाण्याची वाट अशा माणसांना कोणी मोकळी केली नाहीं. त्यांच्या जखमा धुणें, मलमपट्टी करणें, हाताला काम लावून देणें, हें काम डोंबिवलीचे श्री. गजानन माने यांनीं वर्षानुवर्षें केलें. नौदलांतून निवृत्त झालेला हा माणूस. त्याला पेन्शन घेऊन घरीं बसतां आलें असतें. २०२३ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. आम्हांस त्या पदवीचें कौतुक आहेच. पण मनांत येतें कीं, जखम धुण्यासाठीं देशाला पदवी द्यावी लागावी, इतकें तें काम दुर्मिळ कां झालें? ज्या आईनें लेकराचें खरूज धुतलें तिला कोणी पदवी दिली नाहीं, कारण तेथें लेकरूं आपलें होतें.

आतां तुम्हांआम्हां सर्वांच्या आठवणींतील गोष्ट. २०२० च्या मार्चांत करोनासाठीं सारा देश बंद झाला, लोकलगाड्या थांबल्या. आपल्या भागांतले परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस, बेस्टचे चालक मिळेल त्या बसनें मुंबईस जात होते. बाकीचे सारे घरांत होते, म्हणून त्यांना कामावर जाणें भाग होतें. आणि मे महिन्यांत कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकेनें काय हुकूम काढला? मुंबईस कामाला जाणाऱ्या अशा लोकांनीं मुंबईंतच राहावें, त्यांना शहरांत येऊं दिलें जाणार नाहीं! ओरड झाली आणि तो हुकूम थोड्याच दिवसांत मागें घ्यावा लागला. हाच तो शिवेवरचा गाडा. ज्यांच्या जिवावर इतरांचे जीव वांचत होते त्यांनाच त्यांत बसविलें. हुकूम काढणाऱ्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाहीं. सोसायट्यांच्या फाटकांवर, चाळींच्या तोंडाशीं, गांवांच्या वेशींवर बांबू आडवे कोणीं बांधले होते? ते आपण बांधले होते.

आणखी एक गोष्ट ऐका. तोच १८९७ चा साथीचा कायदा २०२० सालीं पुन्हां बाहेर काढिला होता. एप्रिल महिन्यांत त्यांत एक सुधारणा करावी लागली. कशासाठीं? डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांच्यावर हात टाकणाऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या कायद्यानें सरकारचे लोक जनतेवर सोडले, त्याच कायद्यानें सेवा करणाऱ्यांना जनतेपासून राखण्याची पाळी आली. वाईट शिपायाच्या भयानें जें मन बिघडलें, तें चांगली परिचारिका दारीं आली तरी सुधारलें नाहीं. भय असें पिढ्यानपिढ्या चालतें. त्या दिवसांत आपल्या भागांतल्या कित्येकांनीं खोकला गिळला, ताप लपविला. एका खोलींत सहा माणसें. नांव कळलें तर घराला फीत लागेल, भाडेकरूला मालक घालवून देईल, हातगाडी लावूं देणार नाहींत. शेवटीं श्वास लागला तेव्हां रुग्णालय शोधूं लागले. त्यांतले किती वेळेवर आले असते तर वांचले असते!

ती साथ गेली. पण एक जुना पाहुणा आपल्या घरांत अजून बसलेला आहे, आणि त्याच्यासाठींच आम्हीं एवढी लांबण लाविली. तो क्षय. जगांत चार क्षयरोगी असले तर त्यांतला एक आपल्या देशांत आहे. उल्हासनगरच्या कोंदट खोल्यांत, अंबरनाथच्या कारखान्यांच्या आसपासच्या झोपड्यांत, बदलापूरच्या मागच्या पाड्यांवर, जेथें हवा कमी, पोटाला कमी आणि काम जास्त, तेथें त्याला फार आवडतें. त्याचा जंतू कॉखनेंच २४ मार्च १८८२ रोजीं जगापुढें ठेविला. औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. मग अडतें कोठें?

आमच्या शाळेंतल्या एका मुलाच्या बापाची हकीकत सांगतों. नांवगांव सांगत नाहीं, आणि तुम्हींही शोधूं नका. हा माणूस जातीचा कारागीर, हाताला फार चांगला. एका कारखान्यांत कामाला. खोकला लागला. मालकाला कळलें तर काम जाईल म्हणून तो पाळीवर तोंडाला फडकें बांधून उभा राही. घरांत लेकीची सोयरीक चालली होती. व्याह्यांना कळलें तर मोडेल म्हणून बायको रात्रीं त्याला पाणी पाजी आणि "हळू खोका" म्हणे. आधीं भगताचा अंगारा झाला, मग गल्लींतल्या डॉक्टरांच्या सुया झाल्या, मग गांवचा अर्धा गुंठा गेला. पांच महिने गेले. लग्न पार पडलें, आणि मांडवाचे बांबू निघण्यापूर्वी थुंकींत रक्त पडलें. तोंवर घरांतल्या धाकट्या पोरालाही लागण झाली होती. बाप आणि पोरगा दोघेही औषधानें बरे झाले, हें सुदैव. पण कारखान्यांतलें काम गेलें तें गेलेंच.

या माणसाला अडाणी म्हणणें सोपें आहे. आम्ही तसें म्हणत नाहीं. त्यानें हिशेब केला होता आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. रोग सांगितला तर काम जातें, हें खरें निघालें. रोग सांगितला तर सोयरीक मोडते, हें त्यानें दुसऱ्यांच्या घरीं पाहिलें होतें. चूक त्याच्या हिशेबांत नाहीं. ज्या समाजांत खरें बोलण्याची किंमत एवढी जबर आहे, त्या समाजांत आहे. दवाखाना फुकट झाला, तरी खरें बोलणें फुकट झालेलें नाहीं. तें फुकट करणें हें डॉक्टरांचें काम नव्हे. तें तुमचें आमचें काम आहे.

आतां कोणी विचारील, "गुरुजी, मग काय रोग्याच्या ताटांत जेवावें? आमचीं पोरेंबाळें नाहींत काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवाउडवीचें उत्तर देणें पाप होईल. अंतर राखणें वेगळें आणि वाळीत टाकणें वेगळें. क्षयाचा जंतू खोकल्यातून हवेंत उडतो. म्हणून रोग्यानें तोंडावर फडकें धरावें, खोलीची खिडकी उघडी ठेवावी, उजेड-वारा येऊं द्यावा, घरांतल्या लहान मुलांना तपासून घ्यावें. हें अंतर. ताटवाटीनें, कपड्यानें किंवा हात धरल्यानें क्षय लागत नाहीं; त्याचें ताट वेगळें मांडून त्याच्या पानांत भाकरी वरून टाकणें, हें वाळीत टाकणें. पहिल्यानें जीव वांचतात, दुसऱ्यानें फक्त मन मरतें. योग्य औषध सुरूं झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत लागण देण्याची शक्ति पुष्कळ कमी होते. मद्रासेस १९५६ पासून एक मोठा प्रयोग झाला. कांहीं क्षयरोगी आरोग्यधामांत ठेविले, कांहीं त्यांच्या गरीब, दाटीच्या घरांतच ठेवून औषध दिलें. घरीं राहिलेलेही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागण झाली नाहीं. साऱ्या जगानें त्यावरून आपली पद्धत बदलली. म्हणजे रोग्याला शिवेपलीकडे लोटण्याची गरज नाहीं, ही दया म्हणून केलेली बडबड नव्हे. ती तपासून पाहिलेली गोष्ट आहे.

आणि दुसरी तपासलेली गोष्ट पोटाची. झारखंडांत २०१९ ते २०२२ या काळांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशीं ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. ज्या घरांत हें धान्य गेलें तेथें नव्या क्षयाचें प्रमाण सुमारें ४० टक्क्यांनीं कमी झालें. ही कांहीं विलायतेहून आणिलेली लस नव्हे. डाळ-तांदूळ! आपण पिकवितों तेंच. शेतकऱ्याच्या घरांत ही बातमी मोठ्यानें वाचली पाहिजे. शेजाऱ्याच्या घरीं रोग आला म्हणजे आपण त्याच्या अंगणांतून जाणें सोडतों. त्याऐवजीं पायलीभर डाळ घेऊन गेलों, तर आपल्या गल्लीचाच क्षय कमी होईल. सरकारकडून क्षयरोग्यास पोषणासाठीं मदत मिळते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती महिना १००० रुपये केली आहे. ती मागण्यांत लाज नाहीं. पण ती मिळण्यासाठीं आधीं रोग्याचें नांव नोंदावें लागतें, आणि लपलेल्या माणसाचें नांव कोणत्याही वहींत येत नाहीं.

भगताविषयींही दोन शब्द बोलूं. आमच्या वाटेचा माणूस म्हणेल कीं त्याला हांकलून द्या. आम्ही म्हणतों, आधीं हें विचारा कीं लोक त्याच्याकडे कां जातात. तो रोग्याला ओळखतो, ओट्यावर बसवितो, घरची विचारपूस करतो, आणि त्याच्याकडे गेल्यानें कोणाची नोकरी जात नाहीं. त्याचा अंगारा खोटा आहे. पण त्याचा ओटा खरा आहे. ज्या दिवशीं सरकारी दवाखान्यांत तसा ओटा मिळेल, "काय रे, कधीपासून खोकतोस" असें कोणी नांवानें विचारील, त्या दिवशीं अंगारा आपोआप संपेल. शांति, उतारा, नवस यांवर कोंबड्या-बकऱ्या आणि गुंठे घालवूं नका, हें तर आम्ही सांगतोंच. देवाला रोगी बरा करावयाचा असेल तर तो दक्षिणा घेऊन करणार नाहीं.

आतां करावयाचें काय, तें सांगून पुरें करतों. मोठे ठराव नकोत. घरांत पाळतां येतील अशा चार गोष्टी घ्या.

पहिली. ज्याला दोन आठवडे खोकला आहे, संध्याकाळीं ताप येतो, वजन उतरतें, त्याला एकट्याला पाठवूं नका. घरांतला किंवा शेजारचा एक माणूस सोबत जाऊं द्या. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयांत जा, बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयांत जा, जेथें जवळ पडेल तेथें जा; पण दोघे जा. एकट्याला दार उंच वाटतें.

दुसरी. औषध मध्येंच सोडूं देऊं नका. महिन्या-दोन महिन्यांत बरें वाटतें आणि माणूस गोळ्या टाकतो. मग तोच क्षय जबर होऊन परत येतो आणि त्यावर साधें औषध चालत नाहीं. अर्धी नांगरट करून पेरलेलें शेत तणच देतें, हें तुम्हांला आम्हीं सांगावें काय?

तिसरी. कोणाच्या घरीं रोग आहे हें कळलें तर तें पारावर बोलूं नका; आणि बरा झालेल्या माणसाच्या लेकीची सोयरीक आली तर रोगाच्या नांवानें ती मोडूं नका. या एका गोष्टीनें शंभर रोगी उजेडांत येतील. शाळेंत मुलांच्या रांगेंतून कोणाचें पोर उठवून वेगळें बसवूं देणार नाहीं, हें आम्ही आमच्यापुरतें बोलतों.

चौथी. ज्यांचे कारखाने, वर्कशॉपें, दुकानें आहेत, आणि आपल्यापैकींच कांहींचीं आहेत, त्यांनीं आजारी कामगाराची जागा राखून ठेवावी. दोन-चार आठवडे त्याला घरीं राहूं द्या आणि डॉक्टर म्हणतील तेव्हां कामावर घ्या. मजुरांनींही एकजुटीनें हें मागून घ्यावें. आजार लपवून तुमच्या शेजारीं खोकणारा कामगार मालकालाही परवडत नाहीं आणि तुम्हांलाही नाहीं. लोखंडे असते तर त्यांनीं हें मागणें रविवारच्या सुटीइतकेंच नेटानें मांडिलें असतें.

बंधुभगिनींनो, जंतू जात पाहत नाहीं, हें तर आतां शाळेंतलें पोरही सांगतें. पण जंतूनें केलेल्या घावावर मीठ चोळणारा हात मात्र जात पाहतो, पैसा पाहतो, भाडेकरू कीं मालक तें पाहतो. श्रीमंताला क्षय झाला तर तो "विश्रांतीसाठीं" जातो. गरिबाला झाला तर तो "लागण" होऊन जातो. जंतूचा घाव भरून काढण्याचें औषध माणसानें शोधून ठेविलें आहे. दुसऱ्या घावाचें औषध कोणत्याही दवाखान्यांत मिळत नाहीं. तें आपल्याच ओसरीवर आहे. आज घरीं जातांना एवढें करा. ज्याच्या घरून रात्रीं खोकला ऐकूं येतो त्याचें दार वाजवा, आणि आंत जाऊन बसा.